तुकोबा आणि मुसोलिनीचा कप

आषाढीच्या आदल्या रात्री आम्ही मंडळाच्या बायकांनी देवळासमोर पडदा बांधून ‘संत तुकाराम’ दाखवला. आजारी पोरासाठी चिडलेली जिजाई वहाण घेऊन विठोबासमोर जाते, तिथे सगळ्या हसल्या. म्हाताऱ्यांनी डोळेही पुसले. सुरुवातीला आम्ही माइकवरून अभिमानाने सांगितलं होतं, की प्रभातच्या या चित्रपटाचा १९३७ साली इटलीत, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, “तेव्हा तिथे मुसोलिनीचं राज्य होतं ना?” आम्ही गप्प. मग बसून वाचून काढलं.

हा महोत्सव १९३२ मध्ये लिडो बेटावर, एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झाला. राज्य फॅसिस्टांचंच, पण आधी हात सैल होता. अमेरिकेचे आणि रशियाचेही चित्रपट आले. १९३४ पासून मोठ्या बक्षिसाचं नावच ‘मुसोलिनी कप’ झालं.

आपला तुकाराम गेला त्याच वर्षी फ्रान्सच्या रेन्वारचा ‘ला ग्रांद इल्यूजन’ तिथे होता. त्यात युद्धकैदी आणि त्यांना पकडणारे एकमेकांकडे माणूस म्हणून बघतात. नाझींना तो खुपला, जर्मनीत त्यावर बंदी आली. व्हेनिसला त्याचं कौतुक झालं, पण कप काही मिळाला नाही. दुसरं बक्षीस देऊन वाटेला लावलं.

१९३८ मध्ये तर लाजच सोडली. कप दोघांत वाटला : एक इटलीचा वैमानिकाचा चित्रपट, ज्यावर देखरेख खुद्द मुसोलिनीच्या मुलाची, दुसरा जर्मनीचा ‘ऑलिंपिया’, बर्लिन ऑलिंपिकवरचा. तो केला होता एका बाईने, लेनी रीफेनश्टालने. पैसा हिटलरच्या सरकारचा. कॅमेऱ्याचं काम थक्क करणारं आहे, हे नाकारता येत नाही. बाईने केलं म्हणून टाळ्या वाजवायच्या का, यावर आमच्यात अर्धा तास भांडण झालं. चहा गार झाला, भांडण मिटलं नाही.

अमेरिकन आणि ब्रिटिश परीक्षक मात्र निषेध करून बाहेर पडले. फ्रान्सचे प्रतिनिधी फिलिप एर्लांजे यांना परतीच्या रेल्वेत सुचलं, की आपणच असा महोत्सव भरवावा जिथे सरकारचा दाब नसेल. तोच कान महोत्सव. पहिला दिवस ठरला १ सप्टेंबर १९३९, आणि त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. कान भरला थेट १९४६ मध्ये.

व्हेनिसला १९४० ते ४२ युद्धातही पडदा लागतच होता, बहुतेक जर्मनी, इटली आणि त्यांच्या दोस्तांपुरता. ज्यूंविषयी विष पेरणारा ‘यूद झ्यूस’ तिथेच झळकला. पुढे ही तीन वर्षं महोत्सवाच्या मोजणीतून वगळली. आम्हाला ते पटलं नाही. भरले होते ना? मग मोजा की.

तुकाराम पुढच्या आषाढीलाही दाखवणार आहोत. व्हेनिसचं माइकवरून सांगणारच, पण आता कपाचं नावही सांगणार. बोलायचं काम त्याच मुलीला दिलंय.