परसातलं लिंबू पिवळं पडलं, तर आधी बुडाशी बघा

केदारखेड्यात आणि आसपासच्या गावांत घरामागं लिंबू, मोसंबी असं एखादं झाड असतंच. न्हाणीच्या पाण्यावर ते वाढतं. पानं पिवळी पडली, की आपण दोन बादल्या पाणी जास्त घालतो, नाहीतर मूठभर युरिया टाकतो. पण पिवळेपणा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. कारण न ओळखता उपाय केला, तर चार-पाच वर्षं जपलेलं झाड हातचं जातं.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. त्यामुळं झाड सुकलं की पाणी कमी पडलं, असंच मनात येतं. परसात मात्र बहुधा उलटं असतं. खोडापासून हातभर अंतरावर वीतभर खणून बघा. माती चिखलट, वास आंबूस आणि बारीक मुळ्यांची साल बोटानं निसटत असेल, तर मुळं कुजत आहेत. अशा झाडाला पाणी घालणं म्हणजे त्याला मारणंच. पाणी तोडा, चर काढून निचरा करा आणि न्हाणीचं पाणी दुसरीकडं वळवा.

मग खोड बघा. बुडाशी साल फाटून डिंक गळत असेल, तर तो डिंक्या. धारदार चाकूनं सडकी साल खरवडून जाळून टाका आणि जखमेवर बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात, असं प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं कालवा, मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घाला. मलम त्याच दिवशी वापरा. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. खोडाला माती लावू नका.

मुळं आणि खोड निरोगी असतील, तरच पानांकडं वळा. जुनी पानं सगळीच पिवळी असतील, तर नत्र कमी. कुजलेलं शेणखत द्या. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसतं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून, सकाळी फवारा. पानांवर नागमोडी रेषा दिसल्या, तर ती नागअळी. झाड लहान असेल, तर तेवढी पानं खुडून नष्ट करा.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर रोगट फांदी आणि मुळाजवळची मूठभर माती घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बूड, खोड, मग पान, हा क्रम मात्र सोडू नका.