दुखरे सांधे आणि घरगुती बाह्योपचार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी ‘आरोग्य’ ह्या विषयावर चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय अफाट आणि माझी विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरती. तेव्हा त्यातील एक लहानसा कोपरा मी निवडला आहे. हातपाय दुखू लागले, सांधे आखडू लागले म्हणजे आपण घरच्या घरी जे चोळतो, लावतो, शेकतो, त्याचा खरा उपयोग किती, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे व वैद्यही नव्हे. आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहिल्याने ज्याचे गुडघे आता बोलू लागले आहेत असा एक निवृत्त शिक्षक आहे. जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि ताडून पाहिले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपली ज्ञाति तेलाची. आपल्या वाडवडिलांचे घाणे बंद पडून काळ लोटला, आणि आता शहरांतून ‘लाकडी घाण्याचे तेल’ म्हणून तेच तेल दामदुप्पट भावाने विकले जाते, ही मौज आपण पाहतोच आहोत. अशा घरात वाढलेल्या माणसाने तेलाची बाजू घ्यावी हे स्वाभाविक आहे. परंतु बाजू घ्यावयाची ती खऱ्याला धरून घ्यावी, म्हणून प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो.

आपल्याकडे सर्रास म्हणतात की, ‘गुडघ्यातले वंगण संपले.’ गाडीच्या आखाला वंगण घालावे तसे गुडघ्याला बाहेरून तेल घातले की ते आत झिरपेल व सांधा पुन्हा गुळगुळीत फिरेल, अशी ह्या बोलण्यामागची समजूत आहे. ती चुकीची आहे. निरोगी गुडघ्यातील हे नैसर्गिक वंगण चहाचा लहान चमचाही भरणार नाही इतके थोडे असते. झिजलेल्या गुडघ्यात ते संपत नाही. उलट पुष्कळदा ते वाढते, आणि त्यालाच आपण ‘गुडघ्यात पाणी झाले’ असे म्हणतो. फक्त त्याचा मूळचा चिकटपणा उणावतो. झिजते ती हाडांच्या टोकांवरील कूर्चा. ह्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नाहीत. ओले फडके पिळावे आणि पुन्हा पाण्यात सोडावे, त्याप्रमाणे आपण चालतो, वाकतो, उठतो तेव्हा ती दाबली जाते व सुटते, आणि त्या वंगणातूनच तिचे पोषण होते. कातडीवर ओतलेले तेल, मग ते तिळाचे असो, मोहरीचे असो की महानारायण असो, तिच्यापर्यंत पोहोचून तिची झीज भरून काढीत नाही.

मग शतकानुशतके लोक तेल चोळीत आले ते काय व्यर्थ? मुळीच नाही. लेकराचे ढोपर आपटले म्हणजे आई ते चोळते आणि लेकरू रडावयाचे थांबते. ह्यामागे शास्त्र आहे. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल ह्या दोन संशोधकांनी असे मांडले की, स्पर्शाची आणि वेदनेची वर्दी पाठीच्या कण्यातील एकाच दारातून मेंदूकडे जाते, आणि स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेची वाट काहीशी अडते. त्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तथापि त्यातील मुख्य कल्पना टिकून आहे. शिवाय चोळण्याने ताठलेले स्नायू सैल होतात. म्हणजे गुण येतो तो मुख्यतः हाताचा आणि उबेचा. तेल त्या हाताला घसरण देते. ह्यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पाचशे रुपयांच्या बाटलीची गरज नाही. स्वयंपाकघरातील तिळाचे तेल कोमट करून घ्यावे, दहा मिनिटे हलक्या हाताने चोळावे. जोर द्यावयाचा तो मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंवर, गुडघ्याच्या वाटीवर नव्हे. आणि आणखी एक सांगतो, हसू नका : चोळून झाल्यावर तळपाय फडक्याने कोरडे पुसल्यावाचून न्हाणीघराकडे पाऊल टाकू नये. हल्लीच्या गुळगुळीत लाद्यांवर तेलकट पाय घसरून म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला, तर गुडघ्याचे दुखणे बरे होते असे म्हणण्याची पाळी येते.

शेकाविषयीही असेच. जाड्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, निर्गुडीची वाफवलेली पाने, तेल लावून गरम केलेले एरंडाचे पान, गरम पाण्याची रबरी पिशवी, ह्यांत श्रेष्ठकनिष्ठ करण्याचे कारण नाही. उपयोग उबेचा आहे. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी येथे कान द्यावा. मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते, पिशवी किती गरम आहे हे पायाला कळत नाही, आणि फोड उठून ती जखम महिनोन् महिने चिघळते. तिची ऊब पायाने पाहू नये. घरातील दुसऱ्या निरोगी माणसाने आपल्या कोपराने पाहावी.

आता डबीतील मलमांकडे वळू. मुंबईत 1893 साली काशीनाथुनी नागेश्वर राव ह्या आंध्र गृहस्थांनी अमृतांजन काढले, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्या आणि तत्सम मलमांत कापूर, पुदिन्याचा अर्क, गंधपुऱ्याचे तेल अशी द्रव्ये असतात. पुदिन्याच्या अर्काने थंड वाटते, पण तेथे थंडी नसते. मिरचीने जळजळते, पण तेथे विस्तव नसतो. त्वचेतील ज्या सूक्ष्म यंत्रणा ऊन आणि थंड ओळखतात त्यांनाच ही द्रव्ये चाळवतात. मिरचीच्या तिखटावरून ह्या यंत्रणेचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस हे 2021 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. मिरचीचे सत्त्व असलेले मलम काही आठवडे नेमाने लावले तर वेदना वाहणारे मज्जातंतू थकतात व दुखणे कमी भासते. परंतु ते मोजून केलेले मलम. घरची मिरची वाटून गुडघ्याला थापणे हा उपचार नव्हे, ती शिक्षा आहे.

गंधपुऱ्याच्या तेलातील द्रव्य हे अॅस्पिरिनच्या कुळातले. म्हणून ज्यांना अॅस्पिरिन सोसत नाही, किंवा हृदयविकारासाठी वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते अंगाला फासू नये. हे तेल आणि कापूर थोडेसेही पोटात गेले तर लहान मुलांच्या जिवावर बेतते. बाटली नातवंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. मलम लावून त्यावर गरम पिशवी ठेवणे किंवा घट्ट पट्टी बांधणे हेही वर्ज्य. कातडी अक्षरशः भाजते.

ह्या सर्वांहून अधिक पुरावा ज्याच्या मागे आहे ते म्हणजे डायक्लोफिनॅकचे जेल. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने 2022 साली गुडघ्याच्या झिजेवर ह्या जातीच्या लेपांची शिफारस केली. त्याच औषधाची गोळी घेतली तर ती पोटाला, मूत्रपिंडाला, हृदयाला बाधू शकते; लेपातून रक्तात जाते ते गोळीच्या मानाने फारच थोडे. आपल्या देशात जनावरांना हे औषध देण्यावर 2006 साली बंदी आली. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत आणि आपल्या आकाशातून गिधाडेच नाहीशी होत चालली होती. माणूस गिधाडाइतका नाजूक नव्हे. परंतु दुकानातून गोळ्यांची पाकिटे आणून रोज चघळणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. जेल कोरड्या कातडीवर लावावे, तेलावर नव्हे. हरभऱ्याएवढे बोट लावून ‘गुण नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. एका गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम लागते, आणि निदान आठ-पंधरा दिवस नेम चुकवू नये. गुडघा आणि बोटे कातडीच्या जवळ आहेत म्हणून तेथे ते पोहोचते. खुब्याचा सांधा खोल, तेथे लेपाची मात्रा चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हेही विचारूनच वापरावे.

काही गोष्टी मात्र आपल्या घरांतून हद्दपारच केल्या पाहिजेत. बिब्ब्याने धोबी कपड्यावर खूण करीत, आणि ती कधी जात नसे. तोच बिब्बा दुखऱ्या गुडघ्यावर घालण्याची चाल अजून खेडोपाडी आहे. त्याने कातडी पेटते, पाण्याने भरलेले फोड येतात. दुखणे विसरते ते ह्या नव्या दुखण्यापायी. तापल्या सळईचे डाग देणे त्याच पंक्तीतले. रुईचे पान शेकावयास घेतले तर त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. आणि जत्रेत, बाजारात ‘आठ दिवसांत सांधे मोकळे’ म्हणून जी चूर्णे मिळतात, तशांपैकी कित्येकांत छुपे स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. जे झटकन गुण देते त्याचे नाव विकणारा सांगत नसेल, तर ते घेऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. सांधेदुखी ही एक नव्हे. वयोमानाने झिजलेला सांधा सकाळी आखडतो, पण पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. आमवाताचा प्रकार निराळा. त्यात बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, आणि तरुण स्त्रियांनाही तो सोडीत नाही. माझ्या थोरल्या वहिनींना हा विकार चाळिशीत जडला. सकाळी मूठ मिटेना, भाकरी थापता येईना, शेंगदाण्याचा डबा उघडावयास त्या पोरांना हाक मारीत. घरात तेलाला तोटा नव्हता. तीन वर्षे चोळणारीण येत होती, आणि ‘बाईमाणसाचे हातपाय दुखायचेच’ म्हणून सर्वांनी समाधान मानले. त्या स्वतःही काही बोलत नसत. आमच्या पिढीतील स्त्रियांना न बोलण्याचेच शिक्षण होते. अखेर तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले तोवर बोटे करंगळीच्या बाजूस कलली होती. औषधाने सूज उतरली, वेदना थांबल्या. परंतु वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. ह्या रोगात पहिली एक-दोन वर्षेच मोलाची असतात. आज त्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे, आणि वेळोवेळी रक्त तपासून घ्यावयाची असते.

जुन्याचा अभिमान धरून डॉक्टरांकडे जाण्याचे टाळणाऱ्या वडिलांना मी आणखी एक दाखला देतो. माधवनिदान ह्या प्राचीन ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे; झिजेच्या वाताहून तो निराळा हे आपल्या वैद्यांना हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होते. आमवातात तेल न लावता वाळूचा कोरडा शेक द्यावा, हा त्यांचाच दंडक. तेव्हा प्रत्येक दुखऱ्या सांध्यावर तेल ओतणे ही परंपरादेखील नव्हे.

तसेच, सांधा एकाएकी लाल होऊन तापला व अंगात ताप असेल, पायाचा अंगठा मध्यरात्री असह्य ठणकू लागला, पडल्यानंतर पाय टेकवेना, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर चोळीत बसू नये. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गाठ असू शकते, आणि तशा ठिकाणी मालीश करणे घातक आहे. चिकुनगुन्याचे सांधे ही आपल्या प्रांताची जुनी ओळख. 1973 साली बार्शीला त्याची साथ होती, 2006 साली तर ती महाराष्ट्रभर पसरली. ताप उतरल्यावरही महिनोन् महिने सांधे धरतात. तेथे शेक आणि हळूहळू हालचाल ह्यांचा आधार आहे; सूज हटेना तर दाखवावे.

आता राहिले ते एकच. लेपाने, शेकाने जे चार-सहा तास सुखाचे मिळतात ते अंथरुणावर पडून घालवू नयेत. हालचालीसाठीच ते मिळवलेले असतात. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील ताण त्या मानाने हलका होतो. वजनाचेही तसेच. शरीराचे एक किलो उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे 2005 साली मोजून दाखविले गेले आहे. मेळाव्याच्या जेवणापूर्वी हे सांगणे अप्रस्तुत वाटेल, पण जिलबी वाढून झाल्यावर सांगण्यात तरी काय अर्थ?

अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर हा व्यायाम येथेच करून घेऊ. खुर्चीत पाठ टेकून बसावे. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी भिंतीशी पाय लांब करून बसावे आणि गुडघा जमिनीकडे दाबावा. खुर्चीतल्यांनी उजवा पाय सावकाश सरळ करावा, पाऊल आपल्याकडे ओढून धरावे, मांडी घट्ट झालेली हाताने चाचपून पाहावी. मनात दहा अंक मोजावे. श्वास कोंडू नये. सावकाश खाली. असे दहा वेळा. मग डावा पाय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वडीलधाऱ्यांना घाई नाही, पाच वेळांपासून प्रारंभ केला तरी चालेल. भगिनींच्या बाजूकडून मोजण्याचा आवाज मोठा येतो आहे. पुरुष मंडळींनीही मोजावे.