वगळणे आणि परत आणणे : विकिपीडियाच्या प्रचालकांची जबाबदारी

(एका भाषणाचा मजकूर)

कोणत्याही कचेरीत जुनी दप्तरे निकालात काढण्याचा दिवस येतो, तेव्हा जाणता अभिलेखपाल आधी कागद वाचतो आणि मगच तो फाडावयाचा की ठेवावयाचा हे ठरवितो. तो निर्णय नियमाने होतो आणि त्या निर्णयाचीही नोंद राहते. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील प्रचालकांचे काम याच जातीचे आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या आणि १ मे २००३ पासून मराठीत असलेल्या या कोशातील लेखांत भर घालण्याची मुभा बहुतेक सर्वांस आहे. पान वगळण्याचा अधिकार मात्र मोजक्या प्रचालकांकडे असतो. लिहिणाऱ्याची चूक पुढचा वाचक सुधारू शकतो. वगळलेले पान त्याच्या दृष्टीसच पडत नाही. त्यामुळे तेथे चूक झाली असल्यास ती ध्यानात येणेही कठीण. या अधिकाराचे गांभीर्य यातच सामावले आहे.

येथे श्रोत्यांच्या मनात शंका येईल, की वगळलेले पान कायमचे नष्ट होते काय? तसे होत नाही. पान वगळले म्हणजे त्याचा मजकूर आणि त्याच्या सर्व जुन्या आवृत्त्या सार्वजनिक कपाटातून उचलून बंद कपाटात ठेवल्या जातात. त्या प्रचालकांस पाहता येतात आणि सर्वच्या सर्व किंवा निवडक आवृत्त्या परत आणता येतात. कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव पान वगळले, याची नोंद सर्वांस खुली असते. ज्या पानाच्या आवृत्त्या ५,००० हून अधिक आहेत, ते वगळण्याची मुभा तर सामान्य प्रचालकासही नसते. प्रणालीने एवढी सावधगिरी बाळगली आहे. उरलेली सावधगिरी माणसाने बाळगावयाची आहे.

वगळण्याचा अधिकार असावा कशासाठी, याचे उत्तर २००५ सालच्या एका प्रकरणात सापडते. जॉन सीगेंथालर हे अमेरिकेतील नामवंत पत्रकार. एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक. मे २००५ मध्ये कोणा अनामिकाने त्यांच्या चरित्रलेखात असा मजकूर घातला, की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असावा असा एके काळी संशय होता. हे धादांत असत्य सुमारे चार महिने तसेच राहिले. मजकूर दुरुस्त झाल्यावरही जुन्या आवृत्त्यांत ते वाचावयास मिळतच होते. म्हणून प्रचालकांनी त्या आवृत्त्याच सार्वजनिक इतिहासातून काढून टाकल्या. नोव्हेंबरमध्ये सीगेंथालर यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपली व्यथा मांडली, आणि डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियात नोंदणी न केलेल्यांस नवे पान तयार करण्यास बंदी झाली. जिवंत माणसाच्या अब्रूचा प्रश्न असेल तेथे प्रचालकाने चर्चेच्या समाप्तीची वाट पाहत बसू नये, हा या प्रकरणाचा धडा होय.

परंतु प्रत्येक पान असे नसते. उघड शिवीगाळ, निरर्थक अक्षरे, निव्वळ जाहिरात किंवा दुसऱ्याच्या ग्रंथातून जसाच्या तसा उचललेला मजकूर तत्काळ वगळावा. तथापि त्यापूर्वी पानाचा इतिहास उघडून पाहावा. पुष्कळदा असे दिसते, की काल कोणी उत्पात केला असला तरी परवाची आवृत्ती उत्तम होती. तेव्हा पान वगळण्याऐवजी ती आवृत्ती पुन्हा प्रस्थापित करणे हेच योग्य. विषय एकच असून पाने दोन असतील, तर ती एकत्र करून जुन्या शीर्षकाचे पुनर्निर्देशन करावे. कारण इतिहास वगळला की ज्यांनी लिहिले त्यांच्या श्रेयाची नोंदही दिसेनाशी होते. विषयाच्या उल्लेखनीयतेबद्दल मतभेद असतील, तर पानावर सूचना लावून चर्चा करावी. इंग्रजी विकिपीडियात अशा चर्चेस सामान्यतः ७ दिवसांची मुदत असते. कारण लिहिताना ते स्पष्ट असावे, मात्र त्यात आक्षेपार्ह वाक्य उद्धृत करू नये. नाहीतर पान जाते आणि बदनामी नोंदवहीत उरते.

प्रताधिकाराच्या बाबतीतही घाई उपयोगाची नाही. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे ४ खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. अशा ग्रंथातून श्रेय देऊन घेतलेला मजकूर चोरीचा ठरत नाही. परवाना पाहिल्याविना निकाल देणारा प्रचालक लेखकाच्या प्रामाणिक श्रमांवर अन्याय करतो.

आता परत आणण्याविषयी. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञांवरील एक पान २०१४ मध्ये प्रताधिकारभंगामुळे वगळले गेले. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरील दुसरा मसुदा पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांच्या नावाचा लेखच इंग्रजी कोशात नव्हता. पहिला निर्णय नियमानुसार होता. परंतु मजकूर सदोष असणे आणि विषय अपात्र असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विसरले की निर्दोष नियमातूनही अन्याय उद्भवतो.

म्हणून परत आणण्याची विनंती येईल तेव्हा प्रथम मूळ कारण वाचावे. ते दूर झाले आहे काय, हे पाहावे. ज्या प्रचालकाने पान वगळले त्यास आधी विचारावे. एकाने वगळावे, दुसऱ्याने परत आणावे, पहिल्याने पुन्हा वगळावे, असा खेळ दोघांच्याही पदास शोभत नाही. चोरीचा किंवा बदनामीचा मजकूर परत आणू नये. मजकूर केवळ कच्चा असेल, तर तो लेखकाच्या धूळपाटीवर ठेवून त्यास सुधारण्याची संधी द्यावी.

मराठी कोशास या विवेकाची गरज अधिक आहे. येथे प्रचालक थोडे, चर्चेस येणारे त्याहून थोडे. त्यामुळे एका माणसाचे मत हाच पुष्कळदा अंतिम निकाल ठरतो. बेळगावची एखादी जुनी नाट्यमंडळी, इंदूरचे एखादे वाचनालय, वडोदऱ्याचा एखादा छापखाना यांचा उल्लेख संगणकाच्या पडद्यावर सापडणार नाही. तो स्मरणिकांत, गॅझेटिअरांत आणि वाचनालयांतील पिवळ्या पडलेल्या अंकांत असतो. पडद्यावर संदर्भ नाही, एवढ्यावरून तो कोठेच नाही असे मानणे म्हणजे आपल्याच हातांनी आपली स्मृती पुसणे होय. अशा वेळी लेखकाकडे छापील संदर्भ मागावा आणि तो शोधण्यास त्यास अवधी द्यावा.

झाडलोट केल्यावाचून घर राहण्याजोगे होत नाही, हे खरे. पण केरात काय चालले आहे हे उंबरठ्यावर थांबून एकदा पाहणारा हातच घर सांभाळतो. प्रचालकाच्या हातून इतकीच अपेक्षा आहे.