घरचा आधार हेच पहिले औषध

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर दोन शब्द बोलावेत, असा समितीचा निरोप आला. साखर आणि रक्तदाब यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज अशा मुलामुलींविषयी बोलणार आहोत, ज्यांचा विषय निघाला की घरातला आवाज खाली जातो. मुलाला मुलाविषयीच ओढ वाटते, मुलीला मुलीविषयी. कुणी मुलगा म्हणून जन्मतो, पण मनाने ती मुलगी असते. समलिंगी, तृतीयपंथी असे शब्द आपण वापरतो. तरुण पोरं एलजीबीटी म्हणतात. आपल्या वस्तीत असं कुणी नाही, असे म्हणू नका. आहेत, पण गप्प आहेत.

विहारात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र कुणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. खटला हरला, पण लोकांना विचारण्याचा आणि जाणून घेण्याचा हक्क आहे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. मग आपण का लाजावे?

हा रोग आहे काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले.

रोग नाही, तर मग ही मुलं आजारी का पडतात? जे मूल स्वतःला लपवून जगते, ते चोवीस तास स्वतःवर पहारा ठेवते. हात कसा हलला, आवाज कसा निघाला, फोनवर कुणाशी बोललो! झोप उडते, भूक मरते, अभ्यासातून मन जाते. मग दारू, गांजा. घरातून हाकलले तर औषधही सुटते. क्षयाची किंवा एचआयव्हीची गोळी रोज वेळेवर घ्यायची, तर डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न नको काय? डॉक्टरला आजार सांगायचा तर आधी आपण कोण हे सांगावे लागते, म्हणून कित्येक जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी व उभयलिंगी तरुण-तरुणींना, किशोरवयात घरचे कसे वागले, हे विचारले गेले. ज्यांना घराने फार झिडकारले होते, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न, घराने न झिडकारलेल्या किंवा कमी झिडकारलेल्यांपेक्षा आठ पटींहून अधिक आढळले. तीव्र नैराश्य सुमारे सहा पट, अमली पदार्थांचा वापर तीन पटींहून अधिक. पुढच्याच वर्षी याच गटाने दुसरी बाजू मांडली. जिथे घराने स्वीकारले, तिथे प्रकृती व आत्मविश्वास चांगला. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी. अभ्यास तिकडचा आहे खरा, पण आईच्या शब्दाचा घाव इकडे कमी लागतो थोडाच?

झिडकारणारे आईबाप दुष्टच असतात असेही नाही. पोराचं भलं व्हावं म्हणूनच ते भगताकडे नेतात, कोंडून ठेवतात, 'लग्न केलं की सुधरेल' म्हणतात. त्या लग्नात दुसऱ्याच्या लेकीचंही आयुष्य होरपळतं. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरच्या नादी लागू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

मग करायचे काय? सगळे एका दिवसात पटले पाहिजे असे नाही. 'मला हे नीट कळत नाही, पण तू माझंच लेकरू आहेस,' एवढं बापाने म्हटलं तरी पोराला रात्री झोप लागते. ताटावरून उठवू नका. पाहुण्याने टिंगल केली तर त्याला तिथेच थांबवा. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर एकटं सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा, दवाखान्यात सोबत जा.

आणि विहाराने? 'छक्का', 'बायल्या' हे शब्द या आवारात उच्चारले जाऊ नयेत. तृतीयपंथी व्यक्ती वंदनेला आली तर तिला रांगेत आपल्या शेजारी बसवावे. महिला मंडळाने अशा मुलांच्या आयांना जवळ घ्यावे, कारण ती माऊलीही 'लोक काय म्हणतील' या धाकाने एकटीच कुढत असते. ते 'लोक' म्हणजे आपणच आहोत, बंधूंनो!

दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आपल्याच लेकरांना दाराबाहेर उभे करू नका, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!