अडखळतं वाचन आणि तीन भाषा

घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड. बंगळुरूतल्या मराठी मुलाचं वाचन अडलं, की खापर भाषांच्या गर्दीवर फुटतं. ते नेहमीच खरं नसतं. इंग्रजी कच्चं असलेलं मूल मराठीत गोष्ट रंगवून सांगतं, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं तेही सांगतं. नीट शिकवूनही मराठीतसुद्धा अक्षर-आवाजाची सांगड बसत नसेल, तर तपासणी हवी. आधी डोळ्यांची नि कानांची, मग अध्ययन अक्षमतेची. त्यासाठी याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली चाचणीमाला दिव्यांगत्व तपासणीच्या 2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही स्वीकारली.

‘होईल हळूहळू’ म्हणणाऱ्यांचं थोडं बरोबर आहे: त्याच सूचनांत अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी वयाची किमान अट आठ वर्षांची होती. पण प्रमाणपत्र थांबलं म्हणून मदत का थांबावी? उलट 2016चा दिव्यांग हक्क कायदा अशा अडचणी लवकर ओळखायला सांगतो. शिक्का बसण्याची भीती खोटी नाही. मात्र ‘आळशी’ हा शिक्का वर्गात फुकट मिळतो, आणि त्यावर परीक्षेत जादा वेळ मिळत नाही. शाळेत याविषयी बोलायला जाताना मुलाच्या मराठी नि इंग्रजी, दोन्ही भाषांतल्या वह्या घेऊन जा.