बाळाचा शेला कसा निवडावा



घोड्यावर स्वार झालेल्या झाशीच्या राणीचे चित्र आपल्यापैकी कितीतरी जणींच्या माहेरच्या भिंतीवर असे. ग्वाल्हेरकडच्या भगिनींना तर हे सांगावयासच नको. हाती तलवार आणि पाठीशी बांधलेला दामोदर! १८५८ साली दामोदर आठ वर्षांच्या आसपास होता, तेव्हा काही चित्रकार दाखवितात तसा तो तान्हा खचित नव्हता. पण ते राहू द्या. हे चित्र मी जन्मभर पाहत आले, परंतु त्या मुलाला ज्याने बांधले ते वस्त्र कसले असेल, हा प्रश्न मला सत्तरी उलटेपर्यंत पडला नाही. तो पडला दोन वर्षांपूर्वी, नातू झाला तेव्हा. आणि तोही माझ्या हातून एक चूक घडल्यावर.

झाले असे की, बाळंतपण आटोपून माझी सून इंदूरला परतली. मूल खाली ठेवले की रडे. बाळाला अंगाशी बांधून घरात वावरावे, असे तिच्या मनात आले व तसा शेला विकत आणण्याविषयी ती बोलू लागली. मी म्हटले, "अगं, त्याला पैसे कशाला घालवायचे?" आणि ट्रंकेतून माझ्या सासूबाईंचे सुती लुगडे काढून दिले. धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले. बाळाला मऊ हवे, एवढेच मला ठाऊक! तिने ते बांधले, आणि पलंगावर बसत असतानाच ते खांद्यापाशी टर्रकन फाटले. तिचा हात बाळाखाली होता म्हणून ते अलगद गादीवर आले. त्याला काही कळलेही नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मऊपणा दोन तऱ्हांचा असतो, हे मी तेव्हा शिकले. एक वापराने सुटलेल्या धाग्यांचा, आणि दुसरा झिजून विरलेल्या धाग्यांचा. दुपट्याला, लंगोटाला, गोधडीला विरलेले कापड चालते, कारण तेथे त्याच्यावर भार नसतो. शेल्यावर एक सबंध जीव तोललेला असतो, आणि तो जीव स्वस्थ बसत नाही. म्हणून शेला जुना असो वा नवा, आधी तो उजेडापुढे धरून हातभर-हातभर पुढे सरकवीत पाहावा. कोठे धागे विरळ झालेले, तुटलेले किंवा एका बाजूला सरकलेले दिसले, तर तो बाजूला ठेवावा. मग त्याच्यावर आठवणींचे कितीही ओझे असो.

मुलाला वस्त्राने बांधून वागविणे ही कोणा एका देशाची रीत नव्हे. मेक्सिकोतील स्त्रियांचा 'रेबोसो' प्रसिद्ध आहे. सान्ता मारिया देल रिओ या गावचे रेशमी रेबोसो तर विशेष नावाजलेले. त्यांतील पुष्कळांचे सूत विणण्याआधीच बांधून रंगवितात, म्हणजे आपल्या पोचमपल्लीसारखेच. हैदराबादच्या भगिनींना ते पाहून आपल्या घरचेच वाटेल. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ही चाल पाहून जर्मनीतील एरिका हॉफमन या बाईंनी आपली जुळी मुले अशीच बांधून वागविली, आणि १९७२ साली 'डिडिमॉस' या नावाने शेले विकण्यास आरंभ केला. या ग्रीक शब्दाचा अर्थच जुळे. आज आपल्याकडेही हातमागावर विणलेले असे शेले मिळतात.

आता मुख्य गोष्ट, ती विणीची. महेश्वरच्या एका विणकर गृहस्थांनी ती मला मागापाशी बसवून दाखविली. साध्या विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून व एका खालून जातो. तिरप्या विणीत, जिला ट्विल म्हणतात, तो दोनांवरून व दोनांखालून जातो, आणि दर ओळीला एकेक धागा पुढे सरकतो. जीनच्या कापडावर ज्या तिरप्या रेघा दिसतात त्या अशाच उमटतात. या विणीत धाग्यांना हालण्यास जागा राहते, त्यामुळे कापड कोनाकोनाने ताणले जाते, पण लांबीत वा रुंदीत ताणले जात नाही. बाळाच्या पाठीचा बाक आणि आईच्या खांद्याची गोलाई हे कापड धरून ठेवते, आणि तरीही तासाभराने मूल खाली घसरत नाही. उत्तम शेल्यांत या रेघा ठरावीक अंतराने दिशा पालटतात, म्हणजे दोन्ही कोनांकडे ओढ सारखी राहते. दुकानात समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढून पाहावे: कापड द्यावे व परत यावे. मग लांबीत ओढावे: तेथे त्याने हट्टाने नकार द्यावा. गंजीच्या कापडाचे शेले सर्व बाजूंनी ताणतात. ते पहिले काही महिने छातीशी बांधण्यास बरे, पाठीवर बांधण्यास नव्हेत.

"मग महेश्वरी साडी चालेल का हो?" असे मी त्या गृहस्थांना विचारलेच. ते हसले. रेशमी ताणा गाठीत घसरतो, जरीचा काठ बाळाच्या मांडीला काचतो आणि पन्हाही फार. शेल्याला साधारण ७० सेंटीमीटर रुंदी पुरते. लांबी बांधण्याच्या रीतीवर व आईच्या अंगलटीवर ठरते. पुढून दोन्ही खांद्यांवर बांधावयाचे तर मध्यम बांध्याच्या स्त्रीला साडेचार मीटरांच्या आसपास लागते. आपल्या उन्हाळ्यात लोकरीचे नाव काढू नये. सुती, किंवा सुतात थोडा जवसाचा धागा असलेला शेला घ्यावा. जवसाचा नवा असताना ताठ असतो, तो चार धुण्यांनंतर वळणावर येतो. फार जाड घेतल्यास गाठच मुठीएवढी होते. ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ घासून रंग सुटतो का तेही पाहावे, कारण बाळ तो काठ चोखणारच. आणि दोन काठ दोन रंगांचे असतील तर नवशिकीला कोणता काठ सैल राहिला ते चटकन कळते. माझ्या सुनेने रंगाची निवड याच एका कारणाने केली.

पण उत्तम शेलाही वाईट बांधला तर घात करतो. बाळाचे तोंड सदैव दिसावे, हनुवटी छातीला टेकू नये, नाकावर कापड येऊ नये, आणि आपण मान लववून त्याच्या माथ्याचा मुका घेऊ शकू इतके ते उंच असावे. गुडघे ढुंगणापेक्षा वर व पाय फाकलेले असावेत; सरळ जुळवून बांधलेले पाय कोवळ्या खुब्यास अपायकारक होतात. अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने २०१० साली झोळीवजा साधनांविषयी जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत निदान १४ अर्भके त्यांत दगावली होती, व त्यांतील बहुतेक चार महिन्यांच्या आतली. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा श्वासाचा त्रास असलेले मूल डॉक्टरांना विचारल्यावाचून बांधू नये.

रडे थांबते का, असे पुष्कळजणी विचारतात. माँट्रियल येथील हन्झिकर व बार यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रोज अधिक वेळ अंगाशी घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्क्यांनी कमी रडली. १९९१ सालच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र पोटशुळाने रडणाऱ्या बाळांना असा गुण आला नाही. आमचा नातू कोणत्या वर्गातला होता कोण जाणे. संध्याकाळचे रडे थांबले, पहाटेचे राहिले.

आता तो चालू लागला आहे आणि शेला पाहिला की पळतो. सुनेने तो धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला आहे. सासूबाईंच्या लुगड्याची मी गोधडी शिवली. तिच्यात मात्र तो अजून रोज झोपतो.