गारगोटीच्या पोटातलं पाणी

विहीर खणताना काळ्या पाषाणात कधी एखादी पोकळी फुटते आणि आत पाणीदार गारगोटी चमकते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि कणाकणानं स्फटिक वाढले.

ही वाढ कधी मध्येच थांबते. जगात काही ठिकाणी अशा वेळी स्फटिकावर हिरव्या क्लोराइटचा पातळ थर बसतो आणि वाढ पुन्हा सुरू होते. मग मोठ्या स्फटिकाच्या आत त्याचंच धाकटं रूप पुसट दिसतं. संग्राहक त्याला ‘फँटम’ म्हणतात.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पाणी कोंडलेला स्फटिक. हातात घेऊन तिरपा केला, की गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखा बुडबुडा आत सरकतो! हा बुडबुडा आला कुठून? स्फटिक वाढताना त्यात गरम द्रव कोंडला गेला. निवताना तो आकसला आणि थोडी जागा रिकामी राहिली. १८५८ मध्ये हेन्री सॉर्बी या इंग्लिश शास्त्रज्ञानं यातून एक युक्ती काढली: स्फटिक हळूहळू तापवायचा आणि बुडबुडा नाहीसा होतो ते तापमान टिपायचं. स्फटिक किमान तेवढ्या उष्णतेत घडला, हे त्यावरून कळतं.

असा स्फटिक घरी असेल, तर तो कडक उन्हात ठेवू नका. आतलं पाणी फुगून त्याला तडा जाऊ शकतो.